भाव काय लावू?

“भाव काय लावू, सर?”

भास्कर काट्यावर उभा होता. म्हणजे पुढचे दोन पाय त्यानं स्वतः पत्र्यावर ठेवले होते आणि मागचे दोन मी आणि एका हमालानं मिळून चढवले होते. आडत दुकानातला पोती तोलायचा काटा तो. आमच्या आधी त्यावर हरभरा होऊन गेला होता, चार-दोन दाणे पत्र्यावर राहिले होते, आणि भास्कर त्याच कामासाठी आल्यासारखा ते एकेक करून टिपत होता. आकडे चाळीस-बेचाळीसच्या मध्ये नाचले आणि थांबले. ४१ किलो ३०० ग्रॅम. मापाड्यानं सवयीनं आकडा मोठ्यानं पुकारला, वहीवर पेन टेकवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, भाव काय लावू? हमाल हसले, माल घेऊन आलेले दोन शेतकरी हसले, गल्ल्यावरचे शेठ हसले. मीही हसलो. चांगला, पोट हलवून हसलो. घरी येताना रिक्षात मात्र भास्करची ओली जीभ गुडघ्यावर टेकलेली असताना वाटलं, आपण का हसलो? मापाडी काही वाईट बोलला नव्हता. त्याचा धंदाच तो. काट्यावर येतं त्याला भाव असतो. मला टोचत होतं ते माझं हसणं, आणि ते पहिलं नव्हतं हेही मला कुठंतरी माहीत होतं.

त्याचं खरं नाव ऑस्कर. लसीच्या कार्डावर तसं लिहिलंय, जन्मतारखेसकट. लॅब्रॅडोर, नर, रंग पिवळा. भुसावळला रेल्वेच्या ऐसपैस क्वार्टरमध्ये, आंब्याखाली वाढलेला. साहेब निवृत्त झाले, मुंबईला मुलाच्या दोन खोल्यांत राहायला गेले आणि कुत्रं मागे राहिलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. दोन खोल्यांत चार माणसं आणि चाळीस किलोचं कुत्रं हे गणित मलाही सुटलं नसतं, आणि मी आयुष्यभर गणितच शिकवलंय. पुण्यातल्या आमच्या लेकीनं कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो बघितला आणि ‘बाबा, फक्त पंधरा दिवस, तोवर कुणी ना कुणी मिळेल’ म्हणून गळ घातली. एप्रिलमध्ये, पहाटेच्या गारव्यात निघून, छोट्या हत्तीत खाली ओलं गोणपाट आणि वर ताडपत्री असा तो गावात आला. गल्लीतल्या पोरांनी नाव विचारलं. ऑस्कर म्हटलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं भास्कर झालं होतं. तो दोन्ही नावांना ओ देतो असं आम्हाला आधी वाटलं. मग कळलं की त्याला ऐकूच फारसं येत नाही. तो आपल्या ओठांकडे आणि हातांकडे बघून येतो. पंधरा दिवस कधीच संपले. अकरा वर्षांच्या कुत्र्याला गिऱ्हाईक मिळत नाही. हा शब्द बघा, गिऱ्हाईक. लिहिताना आपोआप आला.

माझे वडील, आबा, तेव्हा ओट्यावर बसले होते. वय ब्याऐंशी, डोळे अजून शाबूत, चष्मा फक्त पंचांगापुरता. त्यांनी हत्तीतून उतरवलेल्या त्या जनावराकडे नखशिखांत पाहिलं. उतरताना त्याचे मागचे पाय थरथरले तेही पाहिलं, आणि मला म्हणाले, “म्हतारं जनावर घरमा कसाले आनं?” त्यांच्या दृष्टीनं प्रश्न बरोबर होता. जनावर आपल्या दावणीला म्हातारं होतं. म्हातारं झालेलं कुणी विकत घेऊन दावणीला आणत नाही, आणि फुकट मिळालं तर त्याहून नाही. मी काहीतरी पंधरा दिवसांचं पुटपुटलो. आणि मग मी एक विचित्र गोष्ट केली. भास्करच्या शेजारी उकिडवा बसलो, अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलला आणि दात पाहिले. पिवळे, कडेनं किटण चढलेले, पुढचे झिजून बोथट. का पाहिले? वय तर कार्डावर होतं. शिवाय कुत्र्याला मोठे ४२ दात सहा-सात महिन्यांत येऊन चुकतात, पुढं दातांवरून वय सांगणं म्हणजे अंदाजपंचे. पण हात गेला. हाताला ते कुणीतरी कधीतरी शिकवलेलं होतं.

वरखेडीच्या गुरांच्या बाजारात.

१९७८ चा उन्हाळा. मी बारा वर्षांचा, आणि आमचा बैल चांद्याही बारा वर्षांचा. आबाच सांगायचे, तू नि तो एकाच सालचे. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला, बैलाचं वय दातांवरून सांगणारे हे शब्द मला पाढ्यांच्या आधी येत होते. चांद्या दोन दाती असताना आमच्याकडे आला होता, कपाळावर पांढरा चांद, बाकी अंग राखाडी. बहात्तरच्या दुष्काळात गावातली किती जनावरं गेली ते मला आठवत नाही, पण आबा विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर जगवलेल्या केळीच्या बुडख्यांचे काप करून चांद्याला घालायचे ते आठवतं. विळ्याचा चिप्प चिप्प असा ओला आवाज. आणि त्या कापांचा तुरट वास, ज्यानं अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि पोटात खड्डा पडतो, दोन्ही एकदम. त्या सालात त्याला जगवलं. सहा वर्षांनी त्याच आबांनी त्याला बाजारात नेलं, कारण तो मागच्या उजव्या पायानं दबून चालायला लागला होता, पेरणी तोंडावर आली होती आणि आत्याचं लग्न ठरलं होतं. यातलं कुठलं कारण खरं होतं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तिन्ही असतील.

व्यापाऱ्यानं चांद्याच्या नाकपुड्या धरल्या, जबडा वर केला, जीभ एका बाजूला ओढून दात बघितले. जुळून जुनाट झालेले, झिजलेले. वशिंडावर थाप मारली, खूर उचलला, दहा पावलं चालवून बघितलं. चांद्या दबत चालला, आणि बघणाऱ्यांपैकी कुणीतरी त्याच्या चालण्याची नक्कल केली. लोक हसले. मी हसलो. बारा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसांत हसायला मिळालं की तो हसतो, एवढंच. मग व्यापाऱ्यानं खांद्यावरचा रुमाल आबांच्या हातावर टाकला. ज्यांनी हा व्यवहार पाहिलाय त्यांना सांगायला नको. रुमालाखाली हातात हात, बोटं धरायची, दाबायची, सोडायची, तोंडानं अवाक्षर नाही. बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळता कामा नये. मला लाल काठाचा तो रुमाल दिसत होता आणि खाली उंदीर फिरावा तशी होणारी हालचाल. दोनदा आबांनी हात झटकला. तिसऱ्यांदा नाही झटकला. रुमाल निघाला तेव्हा चांद्या दुसऱ्याचा झाला होता. आबांनी त्याचं दावं सोडून आपल्या खांद्यावर टाकलं, आमच्या घरात जनावर गेलं तरी दावं देत नाहीत. परत येताना त्यांनी मला जिलेबी घेऊन दिली, पावशेर, कागदात. मी ती एसटीत बसून खाल्ली. सगळी.

आता भास्करचं सांगतो, कारण म्हातारं कुत्रं सांभाळायचं म्हणजे काय करायचं हे आम्हाला काडीचं माहीत नव्हतं. गावात कुत्रं म्हणजे मळ्यावर राखण करणारं, शिळी भाकरी खाणारं आणि एक दिवस न दिसणारं. आम्ही चुकत चुकत शिकलो. पहिली चूक फरशीची. पुढचं घर मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बांधलं, आरशासारख्या टाइल्स घालून, पाहुण्यांनी वाकून बघाव्यात अशा. त्या टाइल्सवर भास्कर म्हणजे शेवाळावर पडलेलं माणूस. चारही पाय चार दिशांना जायचे आणि तो पोटावर बसून आमच्याकडे असा बघायचा की जणू चूक त्याची आहे. सांधे दुखतात म्हणून तो कमी चालतो, कमी चालतो म्हणून मांडीचं मांस झडतं, मांस झडलं की पाय आणखी घसरतात, असं ते रहाट. आम्ही सतरंज्या घातल्या, बायकोनं, शोभानं, जुन्या साड्यांच्या गोधड्या पसरल्या, मी त्याची वाढलेली नखं कापायला शिकलो. खाण्याचं ताट पाटावर ठेवलं, म्हणजे मान फार वाकवावी लागू नये. घर रेल्वेच्या प्रतीक्षालयासारखं दिसायला लागलं. आणि मग एके दुपारी तो सगळ्या सतरंज्या ओलांडून, चौक पार करून, मागच्या जुन्या खोलीत शिरला आणि तिथेच राहिला.

ती आबांची खोली. धाब्याचं घर आमचं मूळचं, तेवढी एक खोली आबांनी पाडू दिली नाही. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, खाली शेणानं सारवलेली जमीन. मे महिन्यात आमच्या स्लॅबखाली कूलर लावूनही अंगाची लाही होते, बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो, तेव्हा त्या खोलीत पाऊल टाकलं की माठात उतरल्यासारखं वाटतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच, बाकी सगळी भिस्त जिभेवर आणि धापेवर. त्यात पिवळा दुहेरी केसांचा कोट. गावातल्या निम्म्या लोकांनी सल्ला दिला की केस काढून टाका, गार वाटेल. डॉक्टर म्हणाले, अजिबात नको, तेच केस उन्हालाही अडवतात, फक्त रोज विंचरा. भास्करनं कुणाला न विचारता आपला उपाय शोधला. जमीन गार होती आणि तिच्यावर पाय घसरत नव्हता. लोक कौतुकानं म्हणतात, आबांचा जीव जडलाय हो त्याच्यावर. तसं काही नाही. आबा त्याला हात लावत नाहीत, त्याच्या घोरण्यावर रोज सकाळी तक्रार करतात, आणि त्याच्या वासाबद्दल तर पाहुण्यांसमोरही बोलतात. भास्करलाही आबांचं काही पडलेलं नाही, त्याला जमिनीचं पडलंय. दोघं एका खोलीत राहतात, बस.

फिरणं पहाटे पाचला. त्यानंतर डांबरी रस्त्यावर आपला पालथा हात ठेवून बघायचा. सात सेकंद ठेववला नाही तर त्याचे पंजेही ठेवायचे नाहीत. मी हात टेकून सात अंक मोजत बसलेला असतो आणि दूध घालायला निघालेले लोक थांबून विचारतात, सर, काही पडलं का? मोठं फिरणं आता त्याला झेपत नाही. दहा मिनिटं जायचं, दर खांबाशी थांबायचं. आधी मी त्याला ओढायचो, आता नाही ओढत. त्याला दिसतं कमी, ऐकू येतं कमी, पण नाक अजून पहिल्यासारखं आहे, आणि एका खांबाशी तो तीन मिनिटं उभा राहिला तर तो पेपर वाचतोय असं समजायचं. मलाही रिटायर झाल्यापासून पेपरला तासभर लागतो.

आणि गिरणा. उन्हाळ्यात आमची गिरणा म्हणजे नुसती वाळू, तीही उरली तेवढी. पण धरणातून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटतं, बातमी पाण्याच्या आधी गावात पोचते, आणि मग एक दिवस पहाटे वाळूतून पाण्याची जीभ पुढं सरकताना दिसते. पहिल्या वर्षी मी त्याला सहज बरोबर नेलं होतं. पाणी बघितलं आणि भास्कर थांबला. नाक वर, कान पुढं, शेपूट एकदम ताठ. मग तो असा निघाला की माझ्या हातातला पट्टा सुटला. पळाला नाही, पळता येतच नव्हतं, पण घाईनं गेला, आणि गुडघाभर पाण्यात, मग पोटभर पाण्यात, आणि मग एकदम त्याचे चारही पाय सुटे झाले. पोहत होता! डोकं वर, शेपूट सुकाणूसारखी, चेहऱ्यावर इतकी शांतता की मी काठावर चपला हातात धरून मूर्खासारखा रडलो. तो काटा, ते ४१ किलो ३०० ग्रॅम, पाण्यात काही राहिलं नव्हतं. मागचे पाय पुढच्यांच्या बरोबरीनं चालत होते. डॉक्टर नंतर म्हणाले, सांध्यांवर भार न पडता स्नायूंना काम मिळतं, यापेक्षा चांगला व्यायाम नाही. ते खरंच असणार. पण त्याला ते ठाऊक नव्हतं. बाहेर आला, माझ्या अंगावर सगळं पाणी झटकलं आणि वाळूत लोळला. आवर्तन असेल तितके दिवस आम्ही रोज जातो.

वजनाचं प्रकरण मात्र घरात भांडणं लावणारं ठरलं. तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा तिथं म्हशी, शेळ्या आणि एक रुसलेलं गोऱ्हं होतं. खोडा होता, कुत्र्याचा काटा नव्हता. डॉक्टर तरुण, हसरे, म्हणाले, औषधाचा डोस वजनावर ठरतो, कुठूनही वजन करून आणा. म्हणून तर ती आडत दुकानाची वारी. आकडा बघून त्यांनी मान हलवली. चौतीस-पस्तीसवर आणा, हळूहळू, वर्षभरात. सांध्यांना गोळीपेक्षा जास्त आराम त्यानंच पडेल. लेकीनं फोनवर पाठबळ दिलं: अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला घालून, त्यांचा जन्मभर अभ्यास केला. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२, सांधेही त्यांचे उशिरा दुखायला लागले. २००२ साली छापून आलं ते. मला आकडे पटतात. शोभाला पटत नाहीत. आमच्याकडे खाऊ घालणं ही माया करायची एकमेव पद्धत आहे, आणि ‘म्हाताऱ्या जिवाला उपाशी ठेवता’ हे वाक्य मी वर्षभर ऐकलं. आमचं बहुतेक रांधणं तसंही त्याला चालत नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतं, आणि खान्देशात कांदा-लसणाशिवाय शिजलेलं काही असेल तर ते बहुधा नैवेद्याचं असतं. भरीत नाही, शेवभाजी नाही, डुबुकवडे नाहीत. द्राक्षं-मनुकेही विषच. ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं, दुधी, थोडं दही, आणि केळं, तेही चकत्या मोजून. केळीच्या मुलखात केळं मोजून घालणारा मी एकटाच असेन. शेजारीण म्हणाली, किती वाळवलं हो त्याला. सव्वा वर्षानं पुन्हा काट्यावर नेला तेव्हा ३४ किलो ९०० भरला. मापाड्यानं आधीचा आकडा वहीतून शोधून काढला, बोट ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाला, “सर, सहा किलो चारशे घट!” यावेळी मी हसलो ते मला टोचलं नाही.

औषधाची गोष्ट राहिली. डॉक्टरांनी दुखण्यावरचं कुत्र्याचं औषध दिलं, आधी रक्त तपासून, कारण म्हाताऱ्या मूत्रपिंडांना ते झेपतंय का हे बघावं लागतं. आणि बजावलं, घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही, पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफेनॅक तर नाहीच. ते बोलत असताना माझ्या शर्टाच्या खिशात माझ्याच गुडघ्यांसाठीची डायक्लोफेनॅकची पाकिटं होती, आणि आदल्या रात्री त्यातली अर्धी गोळी भाकरीत घालावी असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. अज्ञानानं केलेली माया किती महागात पडते! त्या औषधाचं नाव निघालं की मला गिधाडं आठवतात. लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, तिथं ती उतरायची, पंखांचा आवाज गोधडी झटकल्यासारखा. मग दिसेनाशी झाली. आम्हाला वाटलं, काळ बदलला. काळ नव्हता, ही गोळी होती. थकलेल्या, लंगड्या गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायचे, ते मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. चांद्या आमच्याच दावणीला गेला असता तर त्या जागेवर गेला असता, आणि तेव्हा गिधाडं होती. हा विचार माझ्या मनात सुखाचा विचार म्हणून येतो. याला काय म्हणायचं?

लोक म्हणतात, कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. गणिताच्या मास्तराला हे कधीच पटलं नव्हतं, आणि २०२० मध्ये लॅब्रॅडोरांच्याच रक्तातल्या जनुकांवरच्या खुणा मोजून काही शास्त्रज्ञांनी वेगळं सूत्र मांडलं तेव्हा मला फार बरं वाटलं. वयाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, सोळानं गुणा, एकतीस मिळवा. एक वर्षाचं कुत्रं म्हणजे एकतीस वर्षांचा घोडा. मग वेग कमी होत जातो. अकराला उत्तर येतं एकोणसत्तर. म्हणजे आला तेव्हा तो माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा आणि आबांहून तेरानं लहान. हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, मंग तू त्याले अहो-जाहो कर.

दुसऱ्या पोळ्याची रात्र. गावात आता बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या, बाकी ट्रॅक्टरलाच हार. आबा संध्याकाळी ओट्यावर बसून मिरवणूक बघत होते, घुंगरमाळा लांबून जवळ येताना आणि पुन्हा लांब जाताना. खापरावरची पुरणपोळी झाली. भास्करला त्यातला चतकोर मिळाला, शोभानं दिला, मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. रात्री दोनच्या सुमाराला आबांची हाक आली. गेलो तर भास्कर धान्याची लोखंडी कोठी आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत जाऊन अडकला होता. हल्ली त्याला असं होतं. रात्री उठतो, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूनं बाहेर पडायला बघतो. माणसांना म्हातारपणी होतं तसंच काहीसं कुत्र्यांच्या मेंदूतही होतं. आम्ही त्याच्यासाठी रात्रभर एक झिरोचा दिवा लावून ठेवतो. उलटं फिरायचं त्याला सुचत नव्हतं, म्हणून तो तिथंच खाली बसला होता आणि धापा टाकत होता. मी कोठी सरकवली, त्याचा पट्टा धरला आणि पुढून ओढायला लागलो.

“पुढून वढू नको,” आबा खाटेवर उठून बसले होते. “हाऊ बैलसारखा नही उठस. बैल मांगून उठस, हाऊ पुढून. याले मांगून हात दे.”

मी थांबलो. खरंच की. बैल आधी मागचं धड उचलतो, मग पुढचं. कुत्रं आधी पुढचे पाय टेकतं आणि मागचं ओढून घेतं. भास्करचं नेमकं मागचंच गेलेलं. सव्वा वर्ष मी त्याला रोज उठताना बघत होतो, पुस्तकं वाचत होतो, लेकीनं पाठवलेले व्हिडिओ बघत होतो, आणि हे मला दिसलं नव्हतं. हात न लावणाऱ्या आबांनी खाटेवरून बघितलं होतं. त्यांनी खुंटीवरचा टॉवेल माझ्याकडे फेकला. तो भास्करच्या पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घातला, दोन्ही टोकं वर धरली, आणि त्यानं पुढचे पाय टेकले तसं मी मागून अलगद उचललं. उभा राहिला. दोन क्षण हलला, मग स्थिर झाला.

झोप उडालीच होती. मी आबांच्या खाटेच्या कडेवर बसलो, टॉवेल हातात. बाहेर कुठंतरी एका गळ्यातली माळ अजून काढलेली नव्हती, बैलानं मान हलवली की वाजायची. मी म्हटलं, “आबा, चांद्याचे किती आले होते?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, “आते काय इचारस?” आवाजात राग नव्हता. सत्तेचाळीस वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारील म्हणून ते थांबले असतील असंही नव्हतं. माझ्या हातातला टॉवेल त्यांनी घेतला, कुत्र्याचे केस लागलेला, झटकला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला. त्याखाली त्यांचा हात आला. खरबरीत, हलका, हाडं जाणवणारा. त्यांनी माझी दोन बोटं धरून दाबली. सोडली. मग सगळा पंजा मुठीत घेतला. मग करंगळी सोडून बाकीची. मग अंगठ्यानं तळहातावर एकदा, नीट, मुद्दाम, दाबलं. माझ्याकडे बघत होते.

“कळनं?”

“नाही, आबा.”

“शाळा शिकना तू,” ते म्हणाले.

भास्करनं तीन पावलं टाकली, स्वतःभोवती दोनदा फिरला आणि धप्पकन सारवलेल्या जमिनीवर आडवा झाला. आबांनी हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी टॉवेलाखालची माझी बोटं तशीच, त्यांनी ठेवली होती तशी, धरून बराच वेळ बसलो होतो.